आबांच्या खिशातला खाऊ

फाल्गुन लागला की मी बाजाराच्या रस्त्यानं जात नाही. बुलढाण्याच्या दुकानांपुढे साखरेच्या गाठ्यांच्या माळा लोंबायला लागतात, पांढऱ्या, गुलाबी, मधूनच एखादी पिवळी; आणि त्या दिसल्या की माझ्या दाढा आवळल्या जातात. लोकांना त्या बघून होळी आठवते, मामाचं घर आठवतं. मला राग येतो. साठ वर्षं होऊन गेली, अजून येतो. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी काही निवलेली नाही.

यंदा तर राग घरबसल्या आला. मोठेबांचा नातू मला भेटायला आला होता. मोठेबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नातू गुणाचा आहे, पुण्याला नोकरी करतो, आला की पाया पडतो. त्यानं माझ्यापुढे एक काचेची बरणी ठेवली. आत लिमलेटच्या गोळ्या, संत्र्याच्या फोडींसारख्या साखर लावलेल्या गोळ्या, रेवड्या, राजगिऱ्याच्या वड्या. जुन्या काळचा खाऊ म्हणून आता अशा बरण्या मिळतात म्हणे.

"आत्या, तू लिहितेस ना, मग आबा आजोबांवर लिही," तो म्हणाला. "आमचे बाबा सांगतात, इतका गोड माणूस त्यांनी पाहिला नाही. कधी आवाज चढवला नाही. आणि खिशात कायम खाऊ. या गोळ्या तोंडात टाकल्या की तुला सगळं आठवेल."

आबा म्हणजे माझे वडील. त्याचं एकही अक्षर खोटं नव्हतं. आबांनी कधी आवाज चढवला नाही. त्यांच्या खिशात कायम खाऊ असायचा. बरणी मी उघडली नाही. पण लिहिते आहे. त्याला आवडणार नाही, तरी त्यानंच सांगितलं म्हणून.

आम्ही देऊळघाटचे. पैनगंगेच्या काठाला आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, कांदा, कडेनं मेथी-पालक. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. घर एकत्र होतं आणि घरात शब्द चालायचा तो मोठेबांचा. आबा धाकटे. मोठेबांनी बोलावं आणि आबांनी मान हलवावी, असा रिवाज. माझी माय वांग्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन बुलढाण्याला विकायला जायची. सकाळी अंधारात निघायची, उन्हं कलल्यावर परत यायची. घरात मोठेबांपुढे तिचा पदर हनुवटीपर्यंत यायचा आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. भासऱ्यापुढे, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, बोलायचं नसतं.

खाऊचा दिवस म्हणजे धाडच्या बाजाराचा. बैलबंडी जायची, मिरच्या-कांदा घेऊन. परत येताना बंडीच्या आवाजावर आम्ही पोरं वेशीपर्यंत पळायचो. आबा धोतराच्या ओच्यातून, सदऱ्याच्या खिशातून, टोपीच्या घडीतूनसुद्धा पुड्या काढायचे. गोडीशेव असायची, गुळाचा पाक वर पांढरा झालेली, मोडताना कटकन वाजणारी. साखरफुटाणे असायचे, त्यांचा रंग आधी जिभेला यायचा आणि मग बोटांना. रेवडी दातांत अशी अडकायची की रात्री झोपेपर्यंत तीळ निघत राहायचे. बत्तासा जिभेवर ठेवला की नाहीसाच व्हायचा. तो पुरावा म्हणून मी ठेवायचे तळहातावर, आणि तिथंही घामानं वितळायचा. हे सगळं चांगलं होतं. ते चांगलं नव्हतं असं मला म्हणायचं नाही.

पण खाऊ बाजाराच्या दिवशीच यायचा असं नव्हतं. मधल्याच एखाद्या दिवशी, काही कारण नसताना, आबा मळ्यातून यायचे आणि हळूच आमच्या मुठीत काहीतरी सारायचे. तेव्हा आम्ही पोरी मायच्या तोंडाकडे बघायचो. मायच्या हातातल्या चांदीच्या पाटल्या मोठेबांच्या मुलाच्या लग्नात नव्या सुनेला गेल्या, त्या दिवशी रेवड्या आल्या. कंदिलाचं तेल जाळते म्हणून मोठेबांनी आमच्या थोरल्या वच्छीला गोठ्यात बैलाच्या चाबकानं मारलं, त्या दिवशी लिमलेटच्या गोळ्या आल्या. आबा तिच्या पाठीवरचे वळ बघत नव्हते. गोळी देत होते आणि म्हणत होते, "खाय माय, खाय. गोड हाये."

वच्छी माझी मोठी बहीण. तेराची होती, मी नऊची. वेण्या आवळून घातलेल्या, नाकात मुरणी, आणि बोटाला कायम शाई. गावच्या शाळेत सातवीला मुली अशा दोनच उरल्या होत्या. दुसरीचं दिवाळीनंतर लग्न झालं, मग वच्छी एकटी. सातवीची फायनल पास झालं की मास्तरीण होता येतं, हे तिला गुरुजींनी सांगितलं होतं आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. कांदे निवडताना ती कांद्यांना भूगोल शिकवायची. "तू मागं काऊन बसला बे? पुढं ये," असं एका कांद्याला दरडावलेलं मी ऐकलं आहे. माय कामातून मान वर न करता हसायची. गुरुजी एकदा घरी आले आणि म्हणाले, परीक्षेचं केंद्र बुलढाण्याला आहे, होळी झाल्यावर पेपर. मोठेबांनी त्यांना पाणी दिलं, पान दिलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

होळीच्या आधीचा धाडचा बाजार. मोठेबा म्हणाले, "पोट्ट्याईले घे बंडीत. गाठ्या घेऊ त्याईले." आम्हाला कधी बाजाराला नेत नसत. वच्छीला मोठ्या मायनं, मोठेबांच्या बायकोनं, नवं लुगडं नेसवलं तेव्हासुद्धा आम्हाला वाटलं, सणाचे दिवस आहेत. माय त्या दिवशी बुलढाण्याला टोपलं घेऊन गेली होती. ती घरी नसेल असाच दिवस त्यांनी निवडला होता.

बाजारात एक जण मोठ्या कढईत पाक उकळत होता. लाकडी साच्यांच्या खाचांत दोरा टाकायचा, वरून पाक ओतायचा, साच्यावर साचा आवळायचा. थोड्या वेळानं साचा उघडला की आत पदकांची माळ, अजून गरम. त्या वाफेचा वास असा की भूक नसलेल्यालाही भूक लागावी. पुढे बंबई मिठाईवाला. खांद्यावर बांबू, बांबूच्या टोकाला मिठाईचा गुलाबी-पांढरा गोळा, त्यावर टाळ्या वाजवणारी बाहुली. तो गोळ्यातून तार ओढायचा आणि बोटांनी वळवून पोरांना पाहिजे ते करून द्यायचा. कोणाला मोर, कोणाला विंचू. वच्छीनं घड्याळ मागितलं. त्यानं तिच्या मनगटावर गोडाचं घड्याळ बसवलं, पट्टा, काटे, सगळं. "मास्तरनीले घड्याय लागते," वच्छी मला म्हणाली. मी माझा मोर लगेच खाऊन टाकला. ती घड्याळ खाईना. मनगट पुढे धरून चालत राहिली.

मग मोठेबा म्हणाले, जरा इथं एका घरी पाणी पिऊन येऊ.

त्या घराच्या ओसरीत सतरंजी अंथरलेली होती. पागोटी, टोप्या, उपरणी. मधोमध पाट. वच्छीला पाटावर बसवलं. मी खांबाला टेकून उभी होते. एक बाई आली आणि तिनं वच्छीच्या कपाळाला कुंकू लावलं. मग तिचा हात हातात घेऊन बघितला आणि सगळ्यांना दाखवला. "घड्याय घालून आली वं माय सून!" लोक हसले. वच्छीही हसली; तिला अजून कळलं नव्हतं. तिच्या गळ्यात गाठी घातली, साधी नव्हे, मोठमोठ्या पदकांची, गुडघ्यापर्यंत येणारी. तिच्या तोंडात बत्तासा घातला. तेवढ्यात कुणीतरी अडकित्त्यानं सुपारी फोडली. तो कट्‌ असा आवाज झाला आणि वच्छीचं हसू गेलं. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं, हे आमच्याकडे नऊ वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं.

"माही परीक्षा हाये," ती म्हणाली. बत्तासा तोंडात, त्यामुळे शब्द नीट निघाले नाहीत. तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "होळी झाल्यावर. बुलढान्याले. माही परीक्षा हाये."

मुलाचा मामा गुडघ्यावर हात मारून म्हणाला, "परीक्षा त झाली वं पोरी. पास झाली तू!"

ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्या ओसरीतली बहुतेक माणसं वाईट नव्हती. त्यांना तो खरंच चांगला विनोद वाटला होता. आणि माझा राग तिथंच अडून बसलाय, की त्यांना तो चांगला विनोद वाटला.

वच्छीनं बत्तासा थुंकला. तळहातावर घेतला आणि आबांकडे बघितलं. मोठेबांकडे नाही, आबांकडे. आबा सतरंजीच्या कडेला बसले होते. त्यांना फक्त एवढंच म्हणायचं होतं, की पोरगी परीक्षा देईल, मग बघू. तेवढंही कठीण असेल, मान्य आहे. पण त्यांनी तिच्याकडे बघायचं तरी होतं. त्यांनी खिशात हात घातला, चाचपला, एक लिमलेटची गोळी काढली आणि मला जवळ बोलावून माझ्या मुठीत दिली. रडत होते मी. रडू नको म्हणून दिली.

"गिळ तो बत्तासा," मोठेबा वच्छीला म्हणाले. "सणाच्या दिवशी गोड थुकत नसतात."

बंडीतून येताना वच्छीच्या मनगटावरचं घड्याळ उन्हानं पाघळलं. कोपरापर्यंत गुलाबी ओघळ आला. तिनं तो पुसला नाही.

संध्याकाळी माय आली. टोपलं उतरवलं आणि वच्छीचं कपाळ बघितलं, गळा बघितला. आबा म्हणाले, "सांगनारच होतो तुले. घाईघाईत झालं. घर चांगलं हाये." मायनं वच्छीच्या गळ्यातली गाठी काढली, गोठ्यात गेली आणि बैलांचे दोर टांगायच्या खुंटीला ती टांगून आली. मग आमच्यासाठी भाकरी टाकायला बसली. होळीच्या दिवशी गावातली सगळी पोरं गाठ्या घालून फिरली. आमची खुंटीवर होती. तिला मुंग्या लागल्या. आधी एक रांग, मग सगळी गाठीच काळी.

वच्छीचं शाळेत जाणं त्याच आठवड्यात बंद झालं. पुस्तकं मोठेबांनी आपल्या पेटीत घालून कुलूप लावलं. आणि आबांचा खाऊ सुरू झाला. रोज. गोडीशेव, रेवड्या, राजगिऱ्याचे लाडू, एकदा तर बुलढाण्याहून मागवलेला हलवा. आबा तिच्या उशाशी पुडी ठेवायचे आणि पाय न वाजवता निघून जायचे. तिनं त्यातलं काही खाल्लं नाही; भाकरीही अर्धीच टाकायची. पुड्या तशाच राहिल्या, कागदाला तेल सुटलं. मी एकदा विचारलं, मी खाऊ का? ती म्हणाली, "तुले खायचं त खाय. मी हे खाल्लं त लग्नाले व्हय म्हटल्यासारखं होते."

तेरा वर्षांची पोर. घरात जे कुणाला कळत नव्हतं ते तिला कळलं होतं, आणि ते सांगायला तिच्याकडे रिकाम्या पोटाशिवाय काही नव्हतं.

होळी आणि पाडव्याच्या मधले ते दिवस आमच्याकडे विचित्र असतात. नदीचं पाणी डोहापुरतं उरतं, कडुनिंबाला मोहर येतो, दुपारी वारा उठतो आणि वाळलेला पाला अंगणभर फिरवतो. अशा एका सकाळी माय चुलीपाशी बसून मोठ्या मायला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वांगे लय निघून राह्यले. मह्या एकटीच्यानं टोपलं होत नाई. वच्छीले घेऊन जाते. लहानीलेबी."

कुणी अडवलं नाही. ठरलेल्या लग्नाची पोरगी भाजी विकायला गेली तर बिघडत नव्हतं. शाळेत गेली तर बिघडत होतं.

वेशीबाहेर आल्यावर मायनं टोपलं उतरवलं, वांगी बाजूला सारली. खाली फडक्यात गुंडाळलेली शाईची बाटली, टाक आणि पाटी-पुठ्ठा. गुरुजींनी दिलेलं होतं. ती कधी त्यांच्याकडे गेली, कधी बोलली, आम्हाला पत्ता नाही. वच्छी बघतच राहिली. माय म्हणाली, "चाल. उशीर होईन. अन् आबाले काही सांगू नका." आबाला! मोठेबांना सांगू नका म्हणाली असती तर समजण्यासारखं होतं. पण तिला भीती होती ती त्या गोड माणसाची. तो विरोध करणार नव्हता. तो फक्त भावाला जाऊन सांगणार होता, कारण भावानं विचारलं की त्याला गप्प राहवत नसे.

बुलढाण्याला केंद्राच्या शाळेच्या फाटकासमोरच मायनं फडकं पसरलं. रोजची जागा सोडून. शेजारी नूरबी येऊन बसली, ती लिंबं-पेरू विकायची, मायची जुनी मैत्रीण. वच्छी फाटकातून आत गेली आणि आम्ही वांगी विकायला लागलो. पेपर सुटला की ती बाहेर यायची, हाताला शाई, गाल लाल. माय विचारायची, "आलं?" ती म्हणायची, "आलं." एवढंच. मग ती भाकरी खायची. पोटभर खायची, किती दिवसांनी.

शेवटच्या पेपराच्या दिवशी मोठेबा आले. कुणीतरी गावात सांगितलं असणार. मला ते लांबूनच दिसले, पागोटं हलत होतं. मागं थोड्या अंतरावर आबा. मोठेबा रस्ता ओलांडून आले. आबा आले नाहीत. ते पलीकडच्या कडुनिंबाखाली थांबले.

माय उठली, टोपलं उचललं आणि फाटकाच्या बरोबर मधोमध ठेवून त्याच्यामागं बसली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. रिवाजाप्रमाणे ती मोठेबांशी बोलली नाही, नूरबीशी बोलली. "नूरबी, सांग त्याईले. आत पेपर चालू हाये. आत जाता येत नाई."

नूरबी मोठेबांकडे वळून म्हणाली, "भाईसाब, बाई बोल री, अंदर पर्चा चालू है. बैंगन लेना है तो लेव."

"तिले सांग," मोठेबा ओरडले, तेही नूरबीलाच, "पोट्टीले बाहीर काढ, नाई त घराचा उंबरा पुन्हा दिसनार नाई."

नूरबीनं तोंड उघडायच्या आत मायनं पदर मागं टाकला. पूर्ण. केस दिसले, कपाळ दिसलं. लग्न होऊन आल्यापासून मोठेबांनी तिचा चेहरा असा पाहिला नसेल. ती म्हणाली, "मोठेबा, उंबरा तुमचा. पोट्टी माही."

त्यांनी हात उगारला. खरंच उगारला, भर रस्त्यात. तशी नूरबी उठली. तिच्यापलीकडच्या कोथिंबीरवाल्या दोघी उठल्या. हातात तराजू होते, कुणी खाली ठेवले नाहीत. मोठेबांचा हात थोडा वेळ वर राहिला. मग त्यांनी त्या हातानं पागोटं नीट केल्यासारखं केलं, टोपल्यापाशी थुंकले आणि निघून गेले.

मी सगळा वेळ कडुनिंबाकडे बघत होते. आता येतील, आता येतील. माझ्या मायवर हात उगारला होता, आणि रस्ता बैलबंडी जाईल एवढाच रुंद होता.

मोठेबा वळणापलीकडे दिसेनासे झाले तेव्हा आबा आले. म्हणाले, "चाला आता घरी. भुका लागल्या असतीन पोरीईले." आणि त्यांचा हात खिशाकडे गेला.

"हात बाहीर काढा," माय म्हणाली.

आबांनी हात बाहेर काढला. रिकामा.

हे आठवून मी परवा वच्छीला फोन केला. ती आता चिखलीला असते. आयुष्यभर खेड्यांतल्या शाळांवर शिकवलं, पोरं परदेशी गेली, आता मधुमेह झाला आहे. मी तिला बरणीची गोष्ट सांगितली, आबांचं गोड माणूस-पुराण सांगितलं, आणि सांगता सांगता माझा आवाज चढला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू एवढी काऊन चिडून राह्यली वं? गेले ते बिचारे. वाईट नव्हते." मी म्हटलं, वाईट नव्हते म्हणूनच चिडते. मोठेबा तर दगड होते. दगडाची ठेच लागली म्हणून त्याच्यावर कोण रागावतं? पण यांना कळत होतं. प्रत्येक वेळी कळत होतं, म्हणून तर पुडी यायची. ज्याला कळत नाही तो पुडी आणत नाही. वच्छी म्हणाली, "मी तवाच चिडली. म्हणून मले आता चिडाव लागत नाई." तिचं बरोबर असेल. माझं अजून व्हायचं आहे.

पुढचं सांगायला हवं. मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली. भर रस्त्यात फाटक अडवून बसणाऱ्या बाईची पोरगी त्यांना नको होती. मोठेबांनी उंबऱ्याचं बोललेलं खरं केलं. घर वेगळं झालं. आम्हाला नदीकडचा मळ्याचा तुकडा आणि त्यावरचं पत्र्याचं खोपट मिळालं. आबा आमच्याबरोबर आले. त्यांनी कुणाची बाजू घेतली म्हणून नव्हे. भाकरी माय टाकत होती म्हणून. रोज संध्याकाळी ते जुन्या घरी जाऊन मोठेबांच्या ओसरीवर बसून यायचे, जणू काही झालंच नव्हतं.

मिरग लागायच्या आधी निकाल लागला. वच्छी पास झाली. आणि आबा बुलढाण्याहून पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आले. मी त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. टोपी मागं सरकलेली, चेहरा फुललेला. "माही लेक सातवी पास झाली! गावात वाटतो आता, घरोघर वाटतो. पहिला मान भावाच्या घरचा."

वच्छी चुलीपाशी होती. ती उठली आणि त्यांच्या हातातून पुडा घेतला. हिसकावला नाही, घेतला. "मी वाटते," ती म्हणाली.

आबा म्हणाले, "वाट ना माय. आधी मोठेबाकडं..."

दुसऱ्या दिवशी तो पुडा मायच्या टोपल्यात वांग्यांवर बसून बुलढाण्याला गेला. नूरबीला पेढा दिला, कोथिंबीरवाल्यांना दिला, फाटकाच्या शिपायाला दिला. त्यानं नंतर सांगितलं की त्या दिवशी मायला हटवावं लागू नये म्हणून त्यानं मुद्दामच फाटकाकडे पाठ केली होती. गुरुजी तालुक्याला आले होते, त्यांना दोन दिले. मायनं स्वतः खाल्ला. भर बाजारात, उभ्यानं, पदर मागं टाकून. आमच्या आधी तिनं काही खाल्लेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बोटं चाटली आणि लगेच ओरडली, "वांगेऽ घ्या वांगेऽ, ताजे वांगे!" नूरबी तर हसून हसून लोळायचीच बाकी राहिली.

घरी आलो तेव्हा आबा दारात वाट बघत होते. मायनं टोपलं उतरवलं. ते आत डोकावले. फडकं होतं, एक-दोन किडकी वांगी होती.

"मले एखादा ठेवला का नाई?" आबांनी विचारलं. हसत विचारलं, लहान मुलासारखं.

"सरले," माय म्हणाली.

सरले नव्हते. फडक्याच्या घडीत तीन होते. ते मायनं सकाळी मळ्यात काढले. आम्ही तिघी बांधावर बसलो, पाय पाण्याच्या पाटात सोडून. आबा पलीकडच्या वाफ्यात मिरच्यांना पाणी देत होते. त्यांनी मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, माय आता फडकं ओढून घेईल. तिनं ओढलं नाही. तिनं वच्छीच्या हातात एक दिला, माझ्या हातात एक दिला, तिसरा आपल्या तोंडात टाकला आणि ते बघत असताना सावकाश खाल्ला. आबांनी मान खाली घातली, फावड्यानं माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. पेढा तोंडात संपेपर्यंत माय त्यांच्याकडे बघत राहिली.